मृतांचे आप्त

नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील कबरस्तान ओळखू येत नाही. आठवडाभर आधीपासून कुटुंबे तेथे राबत असतात. गवत उपटले जाते, क्रुसांना चुना लागतो, पुसट झालेली नावे पुन्हा रंगवली जातात. संध्याकाळी धर्मगुरू आशीर्वादाचे पाणी शिंपडीत ओळीओळीतून जातात, तेव्हा प्रत्येक कबरीपाशी कोणी ना कोणी मेणबत्ती लावून उभे असते. एका कोपऱ्यात मात्र काही उंचवटे असे असतात की ज्यांच्यावर ना क्रूस, ना नाव. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे हातात उरलेली मेणबत्ती तेथे लावून यायला सांगत. ‘ह्यांचे कोणी नाही, म्हणून हे आपले,’ एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे.

मृत माणसावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही, कारण त्याचे उत्तर कबरीशेजारी उभे असते. परंतु ज्यांच्या कबरीच एका महानगराच्या पोटात गडप झाल्या, ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत आणि ज्यांची हाडे दोनशे वर्षांनी एकाएकी उजेडात आली, त्यांच्यावर हक्क कोणाचा? जमिनीच्या मालकाचा, शास्त्रज्ञांचा, की त्यांना पूर्वज मानणाऱ्या समाजाचा? हा प्रश्न १९९१ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात उभा राहिला. तेथील आफ्रिकी वंशाच्या समाजाने आणि पुरातत्त्ववेत्त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूयॉर्क हे आरंभी डच लोकांचे ठाणे होते आणि त्याचे नाव न्यू ॲमस्टरडॅम असे होते. १६२६ च्या सुमारास डच वेस्ट इंडिया कंपनीने तेथे अकरा आफ्रिकी पुरुष गुलाम म्हणून आणले. रस्ते बांधणे, झाडे तोडणे, किल्ला उभारणे ही कामे त्यांच्या माथी आली. १६४४ साली अकरा गुलामांनी कंपनीकडे अर्ज केला, की आम्ही अठरा-एकोणीस वर्षे चाकरी केली आहे, आता आम्हास मुक्त करावे. अर्ज मान्य झाला, पण अर्धाच. त्यांनी दरवर्षी धान्य व एक डुक्कर कंपनीला द्यावयाचे होते, आणि त्यांची जन्मलेली व पुढे जन्मणारी मुले मात्र गुलामच राहणार होती.

ह्या अकरा जणांची नावे कागदोपत्री टिकली आहेत. ती वाचताना आम्ही थबकलो. पावलू, सिमोन, आंतोनी, फ्रान्सिस्को, आणि एक सोडून तीन मान्वेल! ही नावे आपल्या वाडवडिलांची आहेत. कारणही उघड आहे. आफ्रिकेतील काँगोच्या राजाने १४९१ साली पोर्तुगीज धर्मगुरूंच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता, आणि काँगो व अंगोला ह्या प्रदेशांत कॅथलिक श्रद्धा बरीच पसरली होती. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ नंतर वसईत चर्चेस उभारली, त्यांच्याच जहाजांनी तेथे क्रूसही नेला आणि तेथून बेड्या घातलेली माणसेही नेली. त्या अकरांपैकी एकाचे आडनाव अंगोला होते, दुसऱ्याचे काँगो, तर तिसऱ्याला नुसते ‘पोर्तुगीज’ म्हणत.

१६६४ साली इंग्रजांनी हे शहर घेतले. त्यांच्या अमलात गुलामांची संख्या वाढत गेली, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास शहरातील दर पाच माणसांत सुमारे एक आफ्रिकी होता. ह्या माणसांनी जगावे कोठे हे मालक ठरवीत. मेल्यावर विसावावे कोठे, ह्याचा निर्णय चर्चने घेतला. १६९७ साली इंग्लिश ट्रिनिटी चर्चच्या विश्वस्तांनी ठराव केला, की आपल्या कबरस्तानात कोणाही काळ्या माणसाचे दफन होऊ नये. तेव्हा गावकुसाबाहेर, उत्तरेकडील एका पडीक घळीत हे लोक आपली माणसे पुरू लागले. १७५५ सालच्या नकाशात ही जागा ‘निग्रोंची दफनभूमी’ अशी दाखविलेली आहे. ती सुमारे साडेसहा एकर पसरली होती आणि तेथे पंधरा हजारांच्या आसपास माणसे पुरली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तेथेही शांतता नव्हती. १७२२ साली कायदा झाला, की गुलामांनी आपले मृत दिवसाउजेडीच पुरावेत. दिवसभर राबणाऱ्यांना रात्रीचीच काय ती उसंत होती, तीही गेली. १७३१ साली आणखी निर्बंध आला. अंत्ययात्रेला बारांहून अधिक माणसे नकोत आणि शवपेटीवर पडदा घालायचा नाही. चार माणसे जमली की बंडाचा कट शिजतो, ही धास्ती त्यामागे होती.

त्या धास्तीचे टोक १७४१ साली दिसले. शहरात लागलेल्या आगींवरून कटाचा आरोप ठेवून तेरा काळ्या माणसांना जिवंत जाळण्यात आले आणि सतरा जणांना फाशी देण्यात आले. कॅथलिक वाचकांनी ह्या प्रकरणातील दोन माणसे ध्यानात ठेवावीत. एक जॉन युरी नावाचा शिक्षक. तो छुपा कॅथलिक धर्मगुरू आहे, असा आरोपही त्याच्यावर होता आणि त्याला फाशी झाली. तो बहुधा कॅथलिक धर्मगुरू नव्हताच, असे आजचे इतिहासकार मानतात. दुसरा हुआन नावाचा खलाशी. एका पकडलेल्या स्पॅनिश जहाजावरून त्याला आणून, वर्ण काळा म्हणून गुलाम ठरवून विकले होते. त्याच्याबरोबरचे खलाशी आपण स्वतंत्र आहोत असे शेवटपर्यंत सांगत राहिले. हुआनने फाशीच्या तख्ताखाली स्पॅनिश भाषेत प्रार्थना केली, क्रुसाचे चुंबन घेतले आणि आपण निरपराध असल्याचे सांगत तो गेला. ही नोंद त्याला दोषी ठरविणाऱ्या न्यायाधीशानेच लिहून ठेवलेली आहे.

ह्या दफनभूमीचा पहिला विध्वंस विद्येच्याच नावाने झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस शहरातील वैद्यक शिकणारे विद्यार्थी शवविच्छेदनासाठी रात्री येथील ताजी प्रेते उकरून नेत. फेब्रुवारी १७८८ मध्ये शहरातील गुलाम व मुक्त काळ्या लोकांनी नगरसभेला अर्ज दिला. तो अर्ज आजही वाचावा असा आहे. त्यात संतापाचा आरडाओरडा नाही. वैद्यांना मृत शरीराचा अभ्यास करावा लागतो, हे आम्ही जाणतो, असे अर्जदार म्हणतात. आमची मागणी एवढीच, की जे करायचे ते मृतांचा मान राखून व्हावे. नगरसभेने अर्जाची दखल घेतली नाही. दोन महिन्यांनी गोऱ्यांच्या कबरीही उकरल्या गेल्याचे कळले, तेव्हा मात्र शहरात दंगल उसळली आणि १७८९ साली कबरी उकरण्याविरुद्ध कायदा झाला.

१७९४ च्या सुमारास दफनभूमी बंद झाली. जमिनीचे तुकडे पडून विकले गेले, घळीत भराव पडला, काही ठिकाणी तो वीस फुटांच्या आसपास होता, आणि त्यावर घरे व दुकाने उभी राहिली. १८२७ साली न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी संपली. तोवर कबरींवर एक नवे शहर बसले होते.

त्यानंतर १९९० साल उजाडले. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या इमारती पाहणाऱ्या खात्याने ब्रॉडवेवरील ही जागा चौतीस मजली कार्यालयासाठी विकत घेतली. सरकारी बांधकामाआधी त्या जागेचा ऐतिहासिक तपास करावा, असा तेथे १९६६ पासून कायदा आहे. त्यानुसार तपास झाला आणि जुना नकाशाही सापडला. परंतु एकोणिसाव्या शतकातील तळघरे खणताना कबरी नष्ट झाल्या असतील, असा निष्कर्ष काढण्यात आला. १९९१ साली उत्खनन सुरू झाले, तेव्हा तो निष्कर्ष चुकीचा ठरला. त्याच भरावाने कबरी सांभाळल्या होत्या. एकाखाली एक, अशा तीन-तीन थरांत शवपेट्या लागल्या होत्या.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि हार्लेम व ब्रुकलिनमधील आफ्रिकी वंशाची माणसे कुंपणापाशी येऊन उभी राहू लागली. कोणी प्रार्थना म्हणत, कोणी आफ्रिकी रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी जमिनीवर पाणी सोडीत. आत मात्र काम घाईने चालले होते, कारण बांधकाम थांबले की खर्च वाढत होता. काढलेले सांगाडे शहरातील एका महाविद्यालयात नेले जात, आणि ते तेथे नीट ठेवले जात नाहीत अशी तक्रार होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये पाया भरताना काही कबरी यंत्राखाली चिरडल्या गेल्या. लोकांच्या मनातील दुःखाचा आता क्षोभ झाला.

येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. १९९० साली अमेरिकेत असा कायदा झाला होता, की सरकारी जमिनीवर सापडलेले व सरकारी पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांतले मूळ रहिवासी जमातींचे अवशेष त्या त्या जमातींना परत करावेत. आफ्रिकी वंशजांना तो कायदा लागू नव्हता. गुलाम म्हणून आणलेल्या माणसाची जमात, भाषा, आडनाव हे सारे पुसले गेलेले. अमका सांगाडा माझ्या खापरपणजोबांचा, असे सिद्ध करणार कोण? म्हणून न्यूयॉर्कच्या समाजाने वेगळी भूमिका घेतली. ज्यांना ह्या मृतांच्या दैवाचा वारसा भोगावा लागला, तेच त्यांचे आप्त, असे ते म्हणाले. वंशावळ दाखविता येत नाही हा आमचा दोष नाही, ती पुसण्यात आली हाच तर आमच्यावरील अन्याय आहे.

ह्या भूमिकेला वजन मिळाले. न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स ह्यांनी पत्रे लिहिली, राज्याच्या सिनेटचे सदस्य डेव्हिड पॅटरसन ह्यांनी समिती नेमली, आणि जुलै १९९२ मध्ये संसद सदस्य गस सॅव्हेज ह्यांनी सुनावणी घेऊन उत्खनन थांबवायला लावले. ऑक्टोबर १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांनी सही केलेल्या कायद्याने इमारतीचा एक भाग रद्द झाला आणि स्मारकासाठी तीस लाख डॉलरांची तरतूद झाली. मुख्य इमारत उभी राहिलीच. १९९३ साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. पण तोवर चारशेच्या वर माणसांचे अवशेष जमिनीबाहेर आलेले होते. त्यांचे काय करावयाचे?

समाजात एकमत नव्हते. त्यांना हात लावू नका, आजच पुन्हा पुरा, असे काहींचे म्हणणे होते. हे लोक मुके करून मारले गेले, त्यांच्या हाडांना तरी बोलू द्या, असे इतरांना वाटे. अखेर मार्ग निघाला. अभ्यास व्हावा, पण तो समाजाला जबाबदार असलेल्या विद्वानांनी करावा, आणि अभ्यास संपल्यावर सर्वांचे सन्मानाने पुनर्दफन व्हावे. १९९३ साली अवशेष वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात नेण्यात आले. हे १८६७ साली स्थापन झालेले कृष्णवर्णीयांचे नामांकित विद्यापीठ. तेथील मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी हे कामाचे प्रमुख झाले.

ब्लेकी ह्यांनी एक साधा भेद केला. आमचे यजमान दोन आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार आमच्या कामाचे पैसे देते, म्हणून ते व्यवहारातले यजमान. वंशज-समाज हा नैतिक यजमान. दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर पहिला मान दुसऱ्याचा. त्यांनी संशोधनाचा आराखडा जाहीर सभांतून लोकांपुढे ठेवला आणि लोकांचे प्रश्न त्यात घेतले. पूर्वीचे शास्त्रज्ञ कवटी मोजून वंश ठरविण्यात गुंतले होते. लोकांना ते नको होते. ही माणसे आफ्रिकेत कोठून आली? येथे त्यांचे जीवन कसे होते? आफ्रिकी माणूस अमेरिकेत कसा बदलत गेला? आणि त्यांनी गुलामगिरीला विरोध कसा केला? ह्या चार प्रश्नांवर पुढील सारे संशोधन उभे राहिले. शब्दांवरही लोकांनी आग्रह धरला. जागेचे नाव ‘आफ्रिकन दफनभूमी’ झाले. अहवालांत ‘गुलाम’ ह्या शब्दाऐवजी ‘गुलाम केले गेलेले आफ्रिकी’ असे लिहिले जाऊ लागले, कारण गुलामी ही त्यांची जात नव्हती. ती त्यांच्यावर केलेली कृती होती.

हाडे बोलली, आणि जे बोलली ते ऐकवत नाही. एकूण ४१९ जणांचे अवशेष अभ्यासले गेले. ज्यांचे वय ठरविता आले, त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पंधरा वर्षांच्या आतील मुले होती. त्यांच्या दातांवर उपासमारीच्या व आजारपणाच्या रेषा होत्या. मोठ्यांच्या मानेच्या व पाठीच्या मणक्यांवर, स्नायू जेथे हाडाला चिकटतात तेथे, असह्य ओझ्याच्या खुणा होत्या, पुरुषांच्या तशाच स्त्रियांच्याही. एका तरुण स्त्रीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी होती. एकीच्या कुशीत तिचे नवजात बाळ होते.

तरीही ह्या कबरींत केवळ यातना नाहीत. अनेकांना कोणीतरी कफनात गुंडाळले होते, त्याच्या टाचण्या सापडल्या. बहुतेकांना शवपेटी मिळाली होती. बहुतेकांचे डोके पश्चिमेकडे होते, म्हणजे उठून बसले तर तोंड उगवतीकडे व्हावे. पुनरुत्थानाची वाट पाहणारी ही ख्रिस्ती रीत आपल्या परिचयाची आहे, पण आफ्रिकी परंपरांतही ती दिसते, आणि येथे कोणती होती हे सांगता येत नाही. एका स्त्रीचे दात आफ्रिकी रीतीने तासलेले होते आणि तिच्या कमरेला शंभरावर मण्यांची माळ होती. गुलाम स्त्रीला ते मणी सहज विकता आले असते. तिच्या माणसांनी ते तिच्याबरोबर मातीत जाऊ दिले. बारा माणसांच्या कायद्याखाली, मालकाकडून मिळालेल्या घटकाभराच्या सवडीत, त्यांनी आपली माणसे अशी पोहोचवली.

एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढलेली होती. घानामधील अकान लोकांचे ‘सांकोफा’ हे चिन्ह ते असावे, असा तर्क मांडला गेला. मागे वळून, विसरलेले घेऊन ये, असा त्याचा अर्थ. पुढे एका इतिहासकाराने २०१० मध्ये आक्षेप घेतला, की तशी हृदये त्या काळच्या इंग्रजी शवपेट्यांवरही असत. हा वाद मिटलेला नाही. समाजाने ते चिन्ह स्मारकावर कोरले आहे, आणि विद्वानांनी आपली शंकाही नोंदविली आहे. वंशजांशी सहकार्य म्हणजे त्यांना हवे तेच लिहिणे नव्हे, हे ह्यावरून दिसते.

पैशांवरून सरकार व विद्यापीठ ह्यांच्यात वाद झाले, वर्षे लोटली, आणि वाट पाहणारे कित्येक वृद्ध त्या अवधीत निघून गेले असतील. अखेर २००३ मध्ये वॉशिंग्टनहून परतीचा प्रवास सुरू झाला. एक पुरुष, एक स्त्री, एक मुलगा व एक मुलगी अशा चौघांच्या पेट्या सर्वांच्या वतीने बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूअर्क ह्या शहरांतून फिरल्या. प्रत्येक ठिकाणी लोक जमले, प्रार्थना झाल्या. शेवटी त्या वॉल स्ट्रीटच्या धक्क्यावर आल्या. १७११ पासून तेथे गुलामांचा बाजार भरत असे. ४ ऑक्टोबर २००३ रोजी, आपण संत फ्रान्सिस असिसीकराचा सण साजरा करतो त्या दिवशी, घानामध्ये हाताने कोरलेल्या ४१९ पेट्या पुन्हा त्याच मातीत उतरविण्यात आल्या. तेथे आज सात हिरवे उंचवटे आहेत. बारा माणसांची मर्यादा त्या दिवशी कोणी घातली नव्हती.

२००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली आणि २००७ मध्ये तेथे स्मारकाचे लोकार्पण झाले. डिसेंबर २०२२ मध्ये देशभरातील अशा विस्मृत कृष्णवर्णीय दफनभूमींचा शोध व जतन ह्यांसाठी अमेरिकेच्या संसदेने कायदा केला.

समाजाला विचारले तर शास्त्राची वाट अडेल, ही भीती १९९१ साली अनेक विद्वानांना होती. घडले उलट. लोकांनी प्रश्न विचारले, म्हणून कवट्या मोजून थांबणारे काम एका संपूर्ण जीवनाचा इतिहास झाले. १७८८ च्या अर्जदारांनी तरी दुसरे काय मागितले होते? त्यांना विद्या नको नव्हती. त्यांना मान हवा होता. तो मिळायला दोनशे पंधरा वर्षे लागली.

हा इतिहास वाचताना आपणही थोडे आत पाहावे, असे आम्हास वाटते. ट्रिनिटीच्या विश्वस्तांनी ठराव केला तो काही ख्रिस्ताचे नाव टाकून केला नाही. आपल्याच देशात, तामिळनाडूतील काही कबरस्तानांत, दलित ख्रिस्ती बांधवांच्या कबरी भिंतीने वेगळ्या केल्या गेल्या. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चेसमध्ये पोर्तुगीज सरदारांच्या नावांच्या शिळा आपण पाहतो, मुलांना दाखवितो. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील वसाहतींतही आफ्रिकी गुलाम होते. त्यांच्या नावाची शिळा आम्ही पाहिलेली नाही.

उद्या आपल्या गावात पुरातत्त्ववेत्ते आले, तर त्यांनी आपल्याला विचारावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्यांनी विचारले तर सांगायला आपल्यापाशी काय आहे? धर्मग्रामातील मृतांच्या नोंदवह्या वाळवीच्या स्वाधीन होऊ न देणे, घरातील वृद्धांना जुन्या कबरी कोणाच्या हे विचारून लिहून ठेवणे, एवढे तर प्रत्येक कुटुंब करू शकते. आणि येत्या दोन नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्या, की एक राखून ठेवावी. कोपऱ्यातील त्या बिननावाच्या उंचवट्यांपाशी मुलांना घेऊन जावे आणि त्यांच्या हातून ती लावावी. ह्यांचे कोणी नाही, म्हणून हे आपले.